गाववाल्याला भाव विचारायचा नसतो

दात तुटला तो खटखट्या लाडवाने. गावच्या जत्रेतून कोणीतरी पाकीटभर आणले होते आणि मुंबईत आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या खोलीत प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवला. शहाणी माणसं असा लाडू खिशात टाकतात, घरी नेऊन खलबत्त्यात फोडतात आणि मग खातात. मी कसला शहाणा. एकसष्ट वर्षांचा घोडा, सगळ्यांदेखत पुढच्या दातांनी चावा घेतला. कट्‌ असा आवाज झाला. मला वाटलं लाडू फुटला. लाडू होता तसाच होता, आणि वरच्या ओळीतला, सुळ्याच्या अलीकडचा माझा दात अर्धा होऊन हातात आला होता.

लोक हसले, मीही हसलो. हसताना हवा भलत्याच वाटेने आत गेली आणि मी हसायचा थांबलो. कारण मी भजनी बुवा आहे.

पोटापाण्यासाठी फोर्टमधल्या एका ऑफिसात डिस्पॅचच्या टेबलावर पस्तीस वर्षं काढली, पण लालबाग-परळात मला त्या टेबलावरून कोणी ओळखत नाही. बुवा म्हणूनच ओळखतात. त्यातही डबलबारीचा बुवा. ज्यांनी डबलबारी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन बुवा आपापली पेटी, पखवाज आणि मागे झील धरणारी, म्हणजे बुवाची ओळ उचलून म्हणणारी माणसं घेऊन समोरासमोर बसतात. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. अभंग झाला, गवळण झाली, की गजरात एकमेकांची सालटी काढायची. आणि एक नियम पोरासोरांना पाठ असतो, की समोरच्याने गाण्यातून सवाल टाकला तर आपल्या बारीत त्याला उत्तर द्यायलाच लागतं. उत्तर नाही दिलं तर हरलात, मग गळा कितीही गोड असो. माझी ख्याती अशी की मी कोणाचं ऐकून घेत नाही. जीभ तिखट आहे. आमदार समोर बसलेला असला तरी बोललो आहे.

आमच्या ग्रामस्थ मंडळाचा वर्धापनदिन दोन महिन्यांवर आला होता आणि त्यात माझी डबलबारी ठरलेली होती. घरी आल्यावर मी दार लोटून आरशासमोर उभा राहिलो आणि म्हणून बघितलं. ‘स’ची शिट्टी होत होती. ‘व’ ओठावर ठरत नव्हता, आणि देवाचं नाव तर ‘व’नेच सुरू होतं. आरशावर थुंकी उडाली. माझी मलाच लाज वाटली. दोन महिन्यांत तोंड पूर्ववत झालं पाहिजे, एवढंच डोक्यात राहिलं.

कोणाकडे जायचं हा प्रश्नच नव्हता. आमच्या गावचा एक मुलगा दातांचा डॉक्टर झालाय, गावातला पहिलाच. त्याला ॲडमिशन मिळाली तेव्हा मंडळाने वर्गणी काढली होती, तो पास झाला तेव्हा त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता, आणि त्या सत्काराचं भाषण मीच केलं होतं. हिंदमाताला साड्यांच्या दुकानांच्या वर पहिल्या मजल्यावर त्याचा दवाखाना आहे. काचेचा दरवाजा, गार हवा, भिंतीवर टीव्ही. मंडळातल्या कोणाचाही दात दुखला की आम्ही सांगायचो, जा, आपलाच आहे.

इथे आमच्यातली एक पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गाववाल्याला भाव विचारायचा नसतो. वायरमन गावचा असतो, टेलर गावचा असतो, लग्नाला मांडववाला गावचा असतो. काम सांगायचं, काम झालं की तो म्हणतो, द्या काय द्यायचं ते. आपण म्हणायचं, सांग रे नीट. तो मान खाली घालून आकडा सांगतो, आपण वर थोडे घालून देतो. माझ्या वडिलांनी गिरणीत असताना हेच केलं, मीही हेच केलं. आधी भाव विचारला म्हणजे समोरच्याला सांगितल्यासारखं झालं, की बाबा तुझ्यावर भरवसा नाही. मग मंडळाच्या खोलीत तुमच्याकडे कोणी धड बघत नाही. भीड भिकेची बहीण असं माझी आई म्हणायची. ती परक्यांबद्दल बोलत असावी असं मी समजत होतो.

दवाखान्यात शिरलो तर डॉक्टर बाहेर येऊन माझ्या पाया पडला. बसलेले दोन पेशंट बघत राहिले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ह्या मुलाला मी लहानपणापासून अरे-तुरे करत आलो, पण त्याच्या अंगावर तो पांढरा कोट बघितला आणि माझ्या तोंडून ‘डॉक्टर’ निघालं. तो म्हणाला, “काका, तुम्ही कशाला काळजी करता? तुमचं तोंड म्हणजे आपल्या मंडळाचं तोंड.” मी खुर्चीत आडवा झालो.

त्या खुर्चीत पाय वर जातात, डोकं खाली जातं, डोळ्यावर दिवा येतो, आणि माणूस उलट्या पडलेल्या झुरळासारखा हात-पाय कुठे ठेवावेत ह्या विचारात पडतो. गळ्याला निळा कागद बांधला. तोंडात आरशी गेली, मग नळी, मग कापसाचे दोन बोळे. एक्स-रे काढला. तो बघून तो म्हणाला, “हा दात काही राहत नाही काका. काढून टाकू. आणि बाजूच्या दोघांच्या आधाराने ब्रिज बसवू. पूल समजा.” मी नळीच्या बाजूने काहीतरी विचारायचा प्रयत्न केला. त्याने ऐकलं नाही. मग म्हणाला, “चांगल्यातलंच बसवूया ना? तुम्हाला स्टेजवर बसायचं असतं.” मी ‘आं’ केलं. तोंड उघडं असलेला माणूस दुसरं काय बोलणार? तो आपल्या हाताखालच्या मुलीला म्हणाला, “काकांना झिरकोनिया लिही.” मला वाटलं एखादं औषध असेल; ते महागातल्या दाताचं नाव आहे हे नंतर कळलं.

इंजेक्शन दिलं. ओठ सुन्न झाला, पण आत पूर्ण बधिर झालं नव्हतं. तो म्हणाला होता, दुखलं तर हात वर करा. मी हात वर केला. तो म्हणाला, “झालंच काका, दोन मिनिटं.” मी दुसरा हात वर केला. त्या मुलीने तो प्रेमाने धरून खाली ठेवला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी आयुष्यभर दुसऱ्यांना गाण्यातून ऐकवला, त्या दिवशी स्वतः खाल्ला. दात निघाला. आणि मी चूळ भरून उठणार तोच तो म्हणाला, “पडा पडा, बाजूचे दोन घासून घेतो आजच, परत फेरी नको.”

त्या मशीनचा आवाज कवटीत शिरतो. जळका वास येतो. माझेच दात जळत होते. अर्ध्या तासाने त्याने आरसा हातात दिला. ज्या दोन दातांनी मला साठ वर्षांत कधी त्रास दिला नव्हता त्यांचे पेन्सिलीच्या टोकासारखे दोन खुंट झाले होते. मधे रक्ताळलेली फट. तो हसून म्हणाला, “आता बघा कसा पूल टाकतो ते.” मी म्हणालो, “छान.” ओठ सुन्न असल्यामुळे तेही नीट आलं नाही.

त्याने वरून तात्पुरत्या कॅप बसवल्या आणि पैशांचं नाव काढलं नाही. मी खिशाकडे हात नेला तर म्हणाला, “काका, लाजवू नका. घरचंच आहे. नंतर बघू.” मी जिना उतरलो तेव्हा माझ्या मनात होतं, दहा-बारा हजार होतील फार तर. वर पाचशे घालू, आईला साडी घे म्हणून त्याला सांगू.

बायकोने दार उघडल्या उघडल्या विचारलं, “भाव इचारलात?”

मी म्हणालो, “आपल्या माणसाला काय भाव विचारायचा?”

ती म्हणाली, “इचारूक होयो होतो.” आणि मऊ भात वाढला. त्या भातातच पहिल्यांदा तात्पुरती कॅप निखळली. मी ती खडा म्हणून ताटाबाहेर काढून ठेवली, आणि पाणी प्यायलो तर डोळ्यांसमोर काजवे चमकले. ते खुंट उघडे होते. गार पाणी, गरम चहा, बोलताना आत गेलेली हवा, सगळं थेट मेंदूत जात होतं. तीन दिवसांत दोनदा हिंदमाताला गेलो. एकदा त्याने चिकटवली, एकदा त्या मुलीने. मग तो म्हणाला, नस दुखावली आहे, त्या दोन्ही दातांचं रूट कॅनल करून घ्यावं लागेल. ज्या दातांना काही झालं नव्हतं त्यांचं. मी खुर्चीत आडवा, तोंडात नळी. परत ‘आं’ केलं.

ते सगळं झाल्यावर माप घ्यायच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने मला थांबवलं. “काका, आज थोडं ॲडव्हान्स केलंत तर बरं होईल. लॅबला पाठवायचंय ना.” तिने एक छापील कागद पुढे केला. एकूण खाली लिहिलं होतं बहात्तर हजार.

मी चष्मा काढून पुसला, परत घातला. बहात्तरच होते. मला वाटलं, दुसऱ्या कोणाचा कागद असेल. वर माझं नाव होतं. त्या मुलीला म्हणालो, डॉक्टरांना विचारायचंय. आत गेलो. तो एका बाईच्या तोंडात वाकला होता, मला बघताच हातमोजे काढून आला आणि परत वाकला, माझ्या पायांशी. पाया पडणाऱ्या माणसाला काय विचारायचं? तो म्हणाला, “काका, तुमच्याकडून मी काय कमवणार? लॅबचा खर्च तेवढा लावलाय. घाई नाही, सावकाश द्या.” मी म्हणालो, “नाही, ते ठीक आहे.” हे शब्द माझे आहेत. आजही आठवले की कानशिलं तापतात. ज्या माणसाने आमदाराला स्टेजवरून ऐकवलं, तो म्हणाला, ते ठीक आहे.

खिशात होतं तेवढं ॲडव्हान्स काउंटरवर ठेवलं आणि खाली उतरून फुटपाथवर उभा राहिलो. काचेमागे पुतळ्यांना साड्या नेसवलेल्या, बायका भाव करत होत्या. दोनशे रुपयांसाठी दुकानदाराशी वाद घालत होत्या, आणि तो हसत हसत कमी करत होता.

दुसऱ्या दिवशी बायकोला न सांगता बस पकडून शीवला गेलो. ऑफिसातल्या एका जुन्या सोबत्याने तिथल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव दिलं होतं. छोटा दवाखाना, पंखा, बाकडं. बाई पन्नाशीच्या, फार न बोलणाऱ्या. हिंदमाताला पहिल्या दिवशी काढलेला एक्स-रे मी खिशातून पुढे केला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, मग माझ्या तोंडात बघितलं, मग परत एक्स-रे बघितला.

“काका, हा दात काढायला कोणी सांगितलं?”

मी म्हणालो, “अर्धा तुटला होता.”

“वरून तुटला होता. मूळ चांगलं आहे ह्याच्यात. रूट कॅनल करून त्याच्यावरच कॅप बसली असती. बाजूच्यांना हात लावायची गरज नव्हती.”

मी विचारलं, किती झाले असते. पहिल्यांदाच कोणाला तरी भाव विचारला, आणि तो न झालेल्या कामाचा. त्या म्हणाल्या, “बारा, तेरा हजार.” मग मी विचारलं, “आता तुम्ही पुढचं कराल?” त्यांनी हात धुतले, पुसले आणि म्हणाल्या, “मी नव्याने माप घेऊन केलं तरी तीस-पस्तीस हजार होतील. तिथे दिलेले तुम्हाला परत मिळणार नाहीत. आणि घासलेला दात काही परत उगवत नाही. ज्यांनी सुरू केलंय त्यांच्याकडूनच पूर्ण करून घ्या. मात्र पक्कं बसवण्याआधी नीट चावून बघा.” तपासण्याचे शंभर रुपये घेतले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. भांडावं तर कोणाशी? मंडळात बोलावं तर म्हणतील, बुवा, आपल्याच मुलाची बदनामी करता? आपलेच दात, आपलेच ओठ. आणि भांडून मिळवणार काय होतो? तोंडात दोन खुंट, मधे फट, वर्धापनदिनाला वीस दिवस. त्याने रागावून काम अर्धवट सोडलं तर मी स्टेजवर जाऊन काय शिट्टी वाजवणार होतो? गावच्या घराची कौलं बदलायला एक एफडी ठेवली होती, ती मोडली. बँकेतल्या मुलीने विचारलं, कारण काय लिहू. मी म्हणालो, घरदुरुस्ती.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, बायको झोपलेली असताना मी वही काढली आणि गजर लिहिला. राग गेल्याशिवाय मला झोप येत नाही आणि राग माझा असाच जातो. लिहिलं ते असं:

एका दाताचं निमित्त केलं, दोन शेजारी कापले,
बहात्तर हजारांत बुवा उभे सोलून काढले.

चाल बांधली, दोनदा म्हणून बघितलं. बायको झोपेतून उठली होती, ती दारात उभी राहून हसली. मग हसायची थांबली. “ह्या थंय म्हणशात?” तिने विचारलं, कार्यक्रमात म्हणजे. मी म्हणालो, “वेडी आहेस का? हे वहीतलं वहीत.” तिला बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. ती चहा ठेवायला गेली.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ब्रिज बसला. तीन दात एकत्र, पांढरेफेक, नव्या इमारतीतल्या बाथरूमच्या फरशीसारखे. बाकीचे माझे पिवळे. मी म्हणालो, रंग जरा जास्त वाटतो. तो म्हणाला, सेट होईल. दात काय रंग बदलतात? चावलं तर तेच तीन आधी टेकत होते, बाकीचे अधांतरी. ते सांगितलं तर म्हणाला, “म्हणूनच आता कच्च्या सिमेंटवर बसवलाय. पंधरा दिवस वापरून बघा. मग काय कमी-जास्त ते घासून पक्कं करू.” म्हणजे मी स्टेजवर बसणार तेव्हा माझ्या तोंडाचा अर्धा कारभार त्याच्या हातात राहणार होता. पण ‘स’ची शिट्टी गेली होती. ‘व’ ओठावर बसत होता. घरी येऊन मी एक अभंग पूर्ण गायलो आणि मला रडू आलं. बायकोने विचारलं, दुखतं का? मी हो म्हणालो.

वर्धापनदिन रविवारी दुपारी परळच्या एका हॉलमध्ये झाला. दोन-अडीचशे माणसं, लहान मुलं, समोर पहिल्या रांगेत मान्यवर. गुणवंतांचे सत्कार झाले. त्यात डॉक्टरचाही झाला, मंडळातल्या लोकांची दंतसेवा केल्याबद्दल. शाल अंगावर तशीच ठेवून तो पहिल्या रांगेत बसला. शेजारी त्याची आई. तिला मी वैनी म्हणतो. गावाहून खास आली होती, मुलाच्या अंगावरची शाल सारखी सारखी नीट करत होती. तिने मला लांबूनच हात जोडले.

डबलबारी रंगली. समोरचे बुवा वयाने लहान, पण डोळा तयार. त्यांनी पहिल्या बारीतच माझे दात हेरले असणार. गजराला आले, पेटीवर सूर धरला, आणि माझ्याकडे हात करून गायले:

बुवांच्या तोंडात उजेड पडला, सांगा कोणी दिवा लावला,
नाव सांगा, गाव सांगा, दाम किती तो मोजला.

हॉल हसून लोळला. झीलकऱ्यांनी तीनदा म्हटलं. दाम किती तो मोजला, दाम किती तो मोजला. पखवाज वाजतोय, टाळ्या चालल्यात, आणि मी समोर बसून घामाने भिजलोय. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत त्यांनी काय विचारलं ते. गंमत म्हणून विचारलं होतं. पण सवाल पडला होता. माझ्या बारीत त्याचं उत्तर देणं भाग होतं.

आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं. पाठ होतं, चालीत होतं. दोन ओळी म्हटल्या असत्या तर त्या हॉलमधल्या अडीचशे माणसांना कळलं असतं की हिंदमाताच्या त्या जिन्यावर चढण्याआधी भाव विचारायचा. मी पेटी पुढे ओढली. पहिला सूर दाबला. समोर पहिल्या रांगेत डॉक्टर बसला होता, मान किंचित वाकडी करून, हसत. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. ते बघून मला सगळ्यांत जास्त राग आला. त्याला खात्री होती. त्याची आई माझ्याकडे अशी बघत होती की मी आता तिच्या मुलाचं नाव घेणार, आणि ती ते गावी जाऊन घराघरांत सांगणार. माझी जीभ त्या तीन दातांच्या मागे गेली. ते हलत होते, किंवा मला तसं वाटलं.

मी गायलो:

नाव आपलं, गाव आपलं, दुसरं कोण बसवतो,
घरच्या माणसाला बाबांनो, भाव कोण विचारतो.

छप्पर उडालं. माणसं उभी राहिली. समोरच्या बुवांनी कान पकडले, हरलो म्हणाले. वैनीने पदर डोळ्यांना लावला. डॉक्टर उठून स्टेजवर आला आणि सगळ्यांसमोर माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. फोटो निघाला. तो मंडळाच्या ग्रुपवर अजून फिरतोय. मी खोटं काहीच गायलो नव्हतो. भाव मी खरंच विचारला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्याला मी काय करू, असं मी स्वतःला घरी येईपर्यंत समजावत होतो. बायको रस्ताभर माझ्या दोन पावलं पुढे चालली.

हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत आमच्या मजल्यावरची मावशी बसली होती. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. परळच्या दोन ऑफिसांना डबे देते, त्याच्यावर तिचं चालतं. वर्षभर तिची दाढ दुखत होती. लवंग दाबायची, मिठाच्या पाण्याने चुळा भरायची, आणि कोणी डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणायची, “ते लुटतत.” त्या दिवशी सगळ्यांत जोरात टाळ्या तिनेच वाजवल्या होत्या. मी स्टेजवरून बघितलं होतं.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारावर जाऊन मी सांगायला हवं होतं, मावशी, तिकडे जाऊ नको, गेलीस तर आधी भाव विचार. चार पावलांवर तिचं दार. मी गेलो नाही. माझा ब्रिज पक्का व्हायचा होता.

पंधरा दिवसांनी तो पक्का झाला. त्याच आठवड्यात एका दुपारी मावशी आमच्याकडे आली, तोंडावर पदर धरून. बायको देवळात गेली होती. मावशी खाली बसली, पदर बाजूला केला. दाढ काढलेली होती. तिच्या दोन्ही बाजूंचे दात घासलेले. तेच खुंट. माझ्या तोंडात आता पांढऱ्या फरशीखाली झाकलेत, तसेच. तिने कमरेची पिशवी काढली आणि त्यातून छापील कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तिला वाचता येत नाही. कोणीतरी वाचून दाखवलं होतं.

“तुमी सांगलात म्हणान मी गेलंय,” ती म्हणाली. “भाव इचारूक नाय. आपल्या माणसाक कसा इचारायचा?”

मी कागद बघितला. तिच्या डब्यांची किती महिन्यांची कमाई होती ते मी मोजलं नाही. मी म्हणालो, “मावशी, मला पण एवढेच लावले त्याने.”

तिने कागद माझ्या हातातून परत घेतला. मग हळूच म्हणाली, “म्हणजे तुमका म्हायत होता?”

मी हो म्हणालो. एवढं एकच खरं मी ह्या सगळ्या प्रकरणात तोंडाने बोललो, आणि तेही मावशीसमोर, जिला त्याचा काही उपयोग नव्हता. मला वाटलं ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि म्हणाली, “मगे तुमी माझ्यावांगडा येवा. तुमचा तो ऐकतलो. सगळ्यांदेखत पायां पडलो ना तुमच्या.”

तिच्याबरोबर, दवाखान्यात. मी म्हणालो, “बघतो.”

त्या दुपारला आता पाच आठवडे झाले. दोनदा तिने दारातून विचारलं, बुवा, कधी जाऊया? दोनदा मी सांगितलं, बघतो, ह्या आठवड्यात जरा गडबड आहे. पेन्शनर माणसाला कसली गडबड? मी जाऊन त्याला काय सांगणार, की मी स्टेजवरून जे गायलो ते परत घेतो? आमच्या चाळीला दोन जिने आहेत. पुढचा मावशीच्या दारावरून जातो. मागचा कचऱ्याच्या डब्यांकडे उतरतो. मी हल्ली मागच्याने उतरतो.

काल बायको नळावरून भांडी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, मावशी तिथे बायकांना सांगत होती, “बुवा येतले माझ्यावांगडा. कामात आसत, पण येतले.”